दातांच्या उपचारांची भीती आणि गुंगीचे पर्याय: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

दाढ ठणकत असते, रात्रीची झोप उडालेली असते, तरीही दातांच्या डॉक्टरांकडे जायचा विचार आला की छातीत धडधडू लागते आणि वेदनाशामक गोळीवर आणखी एक दिवस ढकलला जातो. अशा टाळाटाळीत महिने जातात. जी कीड साध्या फिलिंगने थांबली असती ती दाताच्या नसेपर्यंत पोहोचते, मग रूट कॅनॉलची वेळ येते आणि तेही लांबले तर दात काढावा लागतो. म्हणजे ज्या मोठ्या उपचारांची भीती वाटत होती, तेच उपचार भीतीमुळे वाट्याला येतात. अशा रुग्णांसाठी गुंगी देऊन उपचार करण्याच्या, म्हणजे सिडेशनच्या, अनेक पद्धती उपलब्ध आहेत. मात्र त्यांतली कोणती आपल्याला लागू पडेल, तिच्यासाठी काय तयारी करावी आणि डॉक्टरांना काय विचारावे, हे माहीत नसल्यामुळे पुष्कळ जण त्या वाटेला जात नाहीत, तर काही जण थेट ‘मला पूर्ण झोपवूनच करा’ असा आग्रह धरतात. या लेखातील पायऱ्या पहिल्यांदाच हा विचार करणाऱ्या प्रौढ रुग्णांसाठी आहेत. लहान मुलांविषयी शेवटाकडे स्वतंत्र लिहिले आहे.

पहिली पायरी: भीती नेमकी कशाची आहे ते ठरवा

‘मला दातांच्या डॉक्टरांची भीती वाटते’ एवढे सांगून डॉक्टरांना फारसा उपयोग होत नाही. कोणाला सुईची भीती असते, कोणाला ड्रिलच्या आवाजाची, कोणाला तोंडात पाणी साचून गुदमरल्यासारखे होईल याची, तर कोणाला खुर्चीवर आडवे झाल्यावर आपल्या हातात काहीच राहत नाही याची. काहींना तोंडात आरसा गेला तरी उमासे येतात. लहानपणी दात नीट बधिर न होताच काढला गेला, अशी आठवण अनेकांच्या भीतीच्या मुळाशी असते. उपाय या कारणावर ठरतो. फक्त सुईला घाबरणाऱ्याला शिरेतून दिलेली गुंगी ही दुसरी सुईच वाटेल. त्याला आधी नाकाने घ्यायचा वायू देऊन मग हिरडीत इंजेक्शन देणे जास्त सोयीचे ठरते.

भीतीचे मोजमाप करण्यासाठी पाच प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली बऱ्याच दवाखान्यांत वापरतात. उद्या उपचारासाठी जायचे आहे, प्रतीक्षागृहात बसला आहात, ड्रिल लावणार आहेत, दातांची सफाई होणार आहे आणि हिरडीत इंजेक्शन देणार आहेत, या पाच प्रसंगी किती भीती वाटेल याला १ ते ५ गुण द्यायचे असतात. एकूण गुण ५ ते २५ या दरम्यान येतात आणि १९ किंवा त्याहून अधिक गुण तीव्र भीती दर्शवतात. कोणत्या प्रश्नाला सर्वाधिक गुण दिले, हे मला एकूण बेरजेइतकेच महत्त्वाचे वाटते, कारण डॉक्टरांशी बोलायला तिथून सुरुवात करता येते.

या टप्प्यावर दोन गोष्टींचा उलगडा करून घेणे चांगले. बधिर करण्याच्या इंजेक्शनात बहुधा अल्प प्रमाणात अॅड्रेनॅलिन मिसळलेले असते, कारण त्यामुळे औषधाचा परिणाम जास्त वेळ टिकतो. ते रक्तात शिरले की एकदोन मिनिटे छाती धडधडते आणि हात थरथरतात. अनेक रुग्ण यालाच ‘मला ते इंजेक्शन सोसत नाही’ असे समजतात आणि वर्षानुवर्षे अॅलर्जी म्हणून सांगत राहतात. दुसरी गोष्ट अशी की, दाताला तीव्र सूज आणि जंतुसंसर्ग असेल तर तिथल्या ऊती आम्लधर्मी होतात आणि बधिर करणारे औषध नीट काम करत नाही. पूर्वी ‘इंजेक्शन देऊनही दुखले’ असा अनुभव आला असेल, तर तो खरा असू शकतो, आणि तो सांगितल्यास डॉक्टर आधी सूज उतरवून किंवा वेगळ्या जागी इंजेक्शन देऊन मार्ग काढू शकतात.

दुसरी पायरी: गुंगी आणि बधिरता वेगवेगळ्या आहेत हे समजून घ्या

गुंगीने भीती आणि ताण कमी होतो. दाताचे दुखणे थांबवण्यासाठी हिरडीत दिले जाणारे लिडोकेनसारखे औषध जवळपास नेहमीच लागते. फरक एवढाच की गुंगीत असताना त्या टोचण्याची धास्ती वाटत नाही आणि काही औषधांमुळे ते नंतर आठवतही नाही. ‘गुंगी दिली म्हणजे इंजेक्शन टळले’ या समजुतीने गेलेला रुग्ण खुर्चीत बसल्यावर निराश होतो, म्हणून हे आधीच स्पष्ट असावे.

गुंगीच्या साधारण चार पातळ्या मानल्या जातात. सौम्य गुंगीत रुग्ण पूर्ण जागा, पण निवांत असतो. मध्यम गुंगीत तो पेंगुळलेला असतो, तरी ‘तोंड उघडा’ म्हटले किंवा खांद्याला हलका स्पर्श केला की प्रतिसाद देतो. खोल गुंगीत सहज जाग येत नाही आणि श्वासाला मदत लागू शकते. चौथी पातळी म्हणजे संपूर्ण भूल. या पातळ्यांमध्ये भिंती नाहीत. मध्यम गुंगीसाठी दिलेल्या त्याच मात्रेने एखादा रुग्ण खोल गुंगीत जाऊ शकतो, म्हणून गुंगी देणाऱ्या चमूला ठरवलेल्या पातळीच्या एक पायरी पुढची परिस्थिती हाताळता आली पाहिजे. पुढे जे प्रश्न विचारायला सांगितले आहेत, त्यांचे मूळ इथे आहे.

सौम्य भीती असेल तर औषधाविनाही बरेच काही साधते. इंजेक्शनापूर्वी हिरडीवर बधिर करणारी जेल एकदोन मिनिटे लावून ठेवणे, औषध सावकाश, मिनिटाला सुमारे १ मिलिलिटर या गतीने सोडणे, प्रत्येक कृतीआधी ती सांगणे आणि उपकरण दाखवणे, कानांत संगीत लावू देणे, आणि सर्वांत उपयोगी म्हणजे डावा हात वर केला की डॉक्टर लगेच थांबतील असा करार करणे. हा करार पहिल्या भेटीतच करावा आणि एकदा हात वर करून तो पाळला जातो का, हे निःसंकोच पाहावे. आपल्या सांगण्यावर काम थांबते याची खात्री पटल्यावर काहींना पुढे औषधाची गरजच उरत नाही.

तिसरी पायरी: आपली प्रकृती काही न लपवता सांगा

उपचाराच्या दिवशी नव्हे, तर आधी फक्त बोलण्यासाठी एक भेट ठरवा. त्या भेटीला जाताना सध्या चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी न्या. झोपेच्या गोळ्या, काढे, पूरक गोळ्या आणि अधूनमधून घेतलेली खोकल्याची औषधेही तीत लिहा. दमा, हृदयविकार, यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह, गर्भधारणा, पूर्वी भूल घेताना झालेला त्रास, या सगळ्याची नोंद हवी.

काही गोष्टी रुग्णांना दातांशी असंबद्ध वाटतात आणि म्हणून सांगायच्या राहतात. जोरात घोरणे आणि झोपेत श्वास अडणे ही त्यांतली पहिली. अशा व्यक्तीचा घसा गुंगीत लवकर बंद होऊ शकतो, म्हणून घरच्या माणसाने तसे काही पाहिले असेल तर ते आवर्जून सांगावे. दारू, तंबाखू आणि नशेच्या पदार्थांविषयीही खरे सांगावे. रोज दारू घेणाऱ्यावर औषधाचा परिणाम वेगळा होतो, आणि गुंगीचे औषध व दारू एकत्र आल्यास श्वास मंदावू शकतो. अफूवर्गीय वेदनाशामके आणि बेंझोडायझेपिन गटातील (गुंगी व झोप आणणाऱ्या) गोळ्या एकत्र घेण्याच्या धोक्याविषयी अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१६ साली सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा छापायला लावला, तो याच कारणासाठी. वजन किंवा मधुमेहासाठी आठवड्यातून एकदा सेमाग्लुटाइडसारखे इंजेक्शन घेत असाल, तर तेही सांगा. या औषधांनी जठर रिकामे व्हायला वेळ लागतो आणि नेहमीइतका उपास पुरेसा ठरत नाही.

चौथी पायरी: पर्याय समजून घ्या

नायट्रस ऑक्साईड (नाकाने घ्यायचा गुंगीचा वायू). भीती मध्यम स्वरूपाची असेल आणि नाक मोकळे असेल, तर पहिल्यांदा जाणाऱ्याने याच पर्यायाचा विचार आधी करावा, असे मला ठामपणे वाटते. हा वायू आणि दंतचिकित्सा यांचे नाते जुने आहे. १८४४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतील हार्टफर्ड येथे होरेस वेल्स या दंतवैद्याने या वायूच्या करमणुकीच्या प्रयोगात एका माणसाला जखम होऊनही वेदना न झाल्याचे पाहिले आणि दुसऱ्याच दिवशी वायू हुंगून स्वतःचा दात काढून घेतला. आज तो शुद्ध स्वरूपात न देता ऑक्सिजनमध्ये मिसळून देतात, आणि दंतचिकित्सेसाठीची आधुनिक यंत्रे ऑक्सिजनचे प्रमाण ३० टक्क्यांच्या खाली जाऊ देत नाहीत.

प्रत्यक्षात घडते ते असे. नाकावर एक मऊ मास्क बसवतात आणि सुरुवातीला फक्त ऑक्सिजन देतात. मग वायूचे प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढवत नेतात. बहुतेकांना ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान हवा तो परिणाम मिळतो. दोनतीन मिनिटांत बोटांच्या टोकांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, हातपाय जड किंवा उबदार वाटू लागतात, आवाज जरा दुरून आल्यासारखे होतात आणि कपाळावरच्या आठ्या आपोआप सैल होतात. आपण बोलू शकतो, ऐकू शकतो, हात वर करू शकतो. घाम येऊ लागला, मळमळले किंवा खोली फिरतेय असे वाटले, तर प्रमाण जास्त झाले असे समजावे आणि लगेच सांगावे. ते कमी केल्यावर एकदोन मिनिटांत बरे वाटते. श्वास नाकानेच घ्यावा लागतो. तोंडाने श्वास घेतला किंवा सतत बोलत राहिलो तर परिणाम उतरतो, आणि ‘माझ्यावर गॅस चालतच नाही’ असे म्हणणाऱ्या काहींची अडचण एवढीच असते. काम संपल्यावर सुमारे ५ मिनिटे शुद्ध ऑक्सिजन देतात. वायू शरीरात जवळजवळ न बदलता श्वासावाटे निघून जातो, म्हणून डोके लवकर साफ होते.

सर्दीने नाक चोंदलेले असताना याचा उपयोग होत नाही. गरोदरपणाचे पहिले तीन महिने, फुप्फुसांचा तीव्र जुनाट आजार, नुकतीच झालेली कानाच्या पडद्याची शस्त्रक्रिया, डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडून केलेली पडद्याची शस्त्रक्रिया किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची मोठी कमतरता असल्यास हा वायू टाळतात.

गोळी. डायझेपाम, लोराझेपाम, ट्रायाझोलाम किंवा मिडाझोलाम यांपैकी एखादे औषध साधारण तासभर आधी घ्यायला देतात. सुई नाही, मास्क नाही, ही मोठी सोय आहे. मर्यादा अशी की, पोटातून औषध किती आणि केव्हा शोषले जाईल हे सांगता येत नाही आणि एकदा गिळलेली मात्रा कमी करता येत नाही. तासाभरात काहीच वाटले नाही म्हणून स्वतःच्या मनाने दुसरी गोळी घेतली, तर दोन्हींचा परिणाम एकदम साठू शकतो. हा धोका मोठा आहे आणि तो सर्वस्वी टाळता येण्याजोगा आहे. डायझेपामचा अंश शरीरात एक-दोन दिवसांहून अधिक राहतो, तर ट्रायाझोलाम काही तासांत ओसरते, म्हणून कोणती गोळी दिली हे माहीत असावे. केटोकोनाझोल, इट्राकोनाझोलसारखी बुरशीविरोधी औषधे आणि क्लॅरिथ्रोमायसिनसारखी प्रतिजैविके यांमुळे ट्रायाझोलामचे रक्तातले प्रमाण बरेच वाढू शकते. घरातल्या कोणाची उरलेली झोपेची गोळी घेऊन जाणे तर पूर्णपणे टाळावे. वृद्ध व्यक्तींना कमी मात्रा लागते, आणि क्वचित एखाद्याला शांत होण्याऐवजी उलट चिडचिड आणि अस्वस्थता येते.

शिरेतून गुंगी. तीव्र भीती, लांबलचक काम, अक्कलदाढेची शस्त्रक्रिया किंवा आवरता न येणारे उमासे, अशा वेळी हा पर्याय सर्वांत भरवशाचा असतो. हाताच्या पाठीवरील शिरेत बारीक नळी बसवून बहुधा मिडाझोलाम थोडे थोडे सोडतात आणि प्रत्येक मात्रेनंतर थांबून परिणाम पाहतात. बोलणे जड झाले, पापण्या अर्ध्यावर आल्या की पुरेसे झाले असे समजतात. गोळीच्या तुलनेत हा मोठा फायदा आहे, कारण मात्रा त्या रुग्णाच्या गरजेनुसार ठरते. शिवाय मिडाझोलाममुळे दिल्यानंतरच्या काळातल्या घटना स्मरणात फारशा राहत नाहीत. नळीच्या टोचण्याचीच भीती असेल, तर बधिर करणारे क्रीम तासभर आधी हातावर लावून ठेवता येते. ते मागून घ्यावे.

मिडाझोलामचा परिणाम उतरवण्यासाठी फ्लुमाझेनिल हे औषध असते. त्याचा परिणाम मिडाझोलामच्या आधी संपू शकतो, म्हणून ते दिले असल्यास रुग्णाला जास्त वेळ निरीक्षणाखाली ठेवावे लागते. शिरेतूनच दिल्या जाणाऱ्या प्रोपोफोल या दुसऱ्या औषधाची गोष्ट वेगळी आहे. त्याला उतारा नाही आणि मध्यम गुंगीतून खोल गुंगीत जायला त्याला फार वेळ लागत नाही, म्हणून ते देण्यासाठी स्वतंत्र भूलतज्ज्ञ असावा आणि त्याने फक्त तेच काम पाहावे, असा आग्रह रुग्णाने जरूर धरावा.

संपूर्ण भूल. बौद्धिक किंवा शारीरिक अडचणीमुळे सहकार्य करू न शकणारे रुग्ण, मोठ्या शस्त्रक्रिया किंवा बाकी सारे उपाय थकलेली भीती यांसाठी ती रुग्णालयात देतात. केवळ ‘काही कळायला नको’ म्हणून ती निवडण्याआधी शिरेतल्या गुंगीविषयी पूर्ण बोलून घ्यावे.

पाचवी पायरी: दवाखान्याला हे प्रश्न विचारा

दातांच्या उपचारांत एक खास अडचण असते: डॉक्टर ज्या तोंडात काम करतात, त्याच वाटेने रुग्णाचा श्वास चाललेला असतो. ड्रिलचे पाणी, दाताचा तुकडा, कापसाचा बोळा घशाकडे जाऊ शकतो आणि गुंगीत ठसका लागण्याची ताकद मंदावते. त्यामुळे औषध कोणते, यापेक्षा लक्ष कोण ठेवणार, हा प्रश्न आधी विचारावा. गुंगी कोण देणार आणि त्याचे त्या विषयातले प्रशिक्षण काय? दात काढणाऱ्या डॉक्टरांखेरीज माझ्या श्वासावर सतत नजर ठेवणारी दुसरी प्रशिक्षित व्यक्ती असेल का? रक्तातील ऑक्सिजन, नाडी आणि रक्तदाब कसे मोजणार, आणि श्वासातील कार्बन डायऑक्साईड मोजणारे यंत्र आहे का? ऑक्सिजन, श्वास देण्याची पिशवी व मास्क आणि उताऱ्याची औषधे याच खोलीत आहेत का? गरज पडली तर कोणत्या रुग्णालयात नेणार? चांगला दवाखाना या प्रश्नांनी रागावत नाही, उलट उपकरणे दाखवतो. उत्तर टाळले गेले किंवा ‘तुम्ही काळजी करू नका’ एवढ्यावर भागवले गेले, तर दुसरीकडे जाण्यात काही गैर नाही. संमतीपत्र आदल्या भेटीतच मागून घरी वाचावे; औषध घेतल्यानंतर केलेल्या सहीला अर्थ राहत नाही.

सहावी पायरी: आदला दिवस आणि उपचाराचा दिवस

शिरेतून गुंगी किंवा संपूर्ण भूल घ्यायची असेल, तर सर्वसाधारणपणे हलके जेवण आणि दूध ६ तास आधी, तेलकट व जड जेवण ८ तास आधी आणि पाणी २ तास आधी बंद करतात. नायट्रस ऑक्साईडसाठी बहुधा हलके खाऊन यायला सांगतात. आपल्या डॉक्टरांनी दिलेली वेळ वेगळी असेल तर तीच पाळावी, आणि चुकून काही खाल्ले असेल तर ते लपवू नये. तारीख पुढे गेलेली परवडते, कारण गुंगीत उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाणे जिवावर बेतू शकते. मधुमेहींनी सकाळची पहिली वेळ मागावी आणि इन्सुलिन किंवा गोळी कशी घ्यायची हे आधी लिहून घ्यावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत.

सैल बाह्यांचे कपडे घालावेत, कॉन्टॅक्ट लेन्स काढाव्यात आणि एका बोटावरचे तरी नेलपॉलिश पुसून यावे, कारण ऑक्सिजन मोजणारा चिमटा बोटालाच लावतात. सोबत येणारी व्यक्ती प्रौढ हवी आणि तिने पूर्ण वेळ थांबायला हवे. सर्दी, ताप किंवा खोकला सुरू झाला असेल तर निघण्यापूर्वी फोन करावा.

सातवी पायरी: घरी परतल्यावर

फक्त नायट्रस ऑक्साईड घेतलेल्या प्रौढ व्यक्तीला थोड्या वेळाने, डॉक्टरांनी तपासून परवानगी दिल्यास, एकट्याने जाता येते. गोळी किंवा शिरेतून औषध घेतले असेल तर पुढचे २४ तास वाहन चालवू नये, यंत्रावर किंवा गॅसच्या शेगडीपाशी काम करू नये, दारू घेऊ नये, महत्त्वाच्या कागदांवर सही करू नये आणि तान्ह्या बाळाची जबाबदारी एकट्यावर घेऊ नये. ‘मला आता अगदी ठीक वाटतंय’ या स्वतःच्या अंदाजावर त्या दिवशी विसंबू नये, कारण निर्णयशक्ती उशिरा पूर्वपदावर येते. डॉक्टरांच्या सूचना सोबतच्या व्यक्तीने लिहून घ्याव्यात. रुग्णाने मान डोलावली तरी संध्याकाळी त्यातले काही आठवेलच असे नाही.

ओठ आणि जीभ काही तास बधिर राहतात, तोवर गरम पदार्थ टाळावेत आणि ओठ चावला जात नाही ना, याकडे लक्ष द्यावे. रुग्ण हाक मारूनही नीट जागा होत नसेल, श्वास घरघरत किंवा थांबत असेल, ओठ निळसर दिसत असतील तर वाट न पाहता आपत्कालीन मदत बोलवावी. उलट्या थांबत नसतील किंवा रक्तस्राव चालू राहिला, तर दवाखान्याला कळवावे.

लहान मुलांविषयी

मुलांचे श्वासमार्ग अरुंद असतात, त्यांच्या शरीरातला ऑक्सिजनचा साठा लवकर संपतो आणि ठरवलेल्यापेक्षा खोल गुंगीत ती पटकन जातात. म्हणून मात्रा वजनावरून ठरवावी लागते, आणि घरून औषध पाजून आणणे योग्य नाही, कारण वाटेत मुलाच्या श्वासावर लक्ष ठेवणारे कोणी नसते. खोल गुंगी किंवा संपूर्ण भूल द्यायची असेल, तर मुलांच्या डॉक्टरांच्या आणि मुलांच्या दंतवैद्यांच्या अमेरिकी संघटनांनी २०१९ साली सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार दवाखान्यात उपचार करणाऱ्यासह किमान दोन प्रशिक्षित व्यक्ती हजर हव्यात आणि त्यांपैकी एकीने केवळ मुलावर लक्ष ठेवावे. पालकांनी याविषयी थेट विचारावे. घरी परतताना मूल गाडीत झोपले तर त्याची मान छातीवर पडून श्वास अडू शकतो, म्हणून चालकाखेरीज आणखी एक मोठी व्यक्ती त्याच्याजवळ बसलेली असावी. तयारी म्हणून मुलाला ‘अजिबात दुखणार नाही’ असे सांगू नये. काय होणार आहे ते साध्या शब्दांत सांगावे.

पुढच्या भेटीसाठी

कोणते औषध, किती मात्रेत दिले, परिणाम कसा होता आणि काही त्रास झाला का, याची लेखी नोंद दवाखान्यातून मागून घ्यावी आणि औषधांच्या यादीसोबत ठेवावी. पुढच्या वेळी डॉक्टर वेगळे असले तरी अंदाजाने सुरुवात करावी लागत नाही. पहिले काम शिरेतल्या गुंगीत झाले असेल, तर पुढचे छोटे काम, उदाहरणार्थ सफाई, नुसत्या नायट्रस ऑक्साईडवर किंवा हात वर करण्याच्या करारावर जमते का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे. भीती फार जुनी आणि खोल असेल, तर मानसोपचारातली वर्तनबोध उपचारपद्धती (विचार आणि वागण्याच्या सवयी हळूहळू बदलायला शिकवणारी) दातांच्या भीतीवर चांगली लागू पडते आणि ती दातांच्या उपचारांबरोबरच सुरू करता येते.